भरीव नमस्कार

आमच्या वधूवर मंडळाच्या संगणकात सूर्य दोन दिशांनी उगवत होता, आणि माझ्याशिवाय ते कोणालाच खटकत नव्हतं.

म्हणजे असं, की स्थळांच्या सॉफ्टवेअरमध्ये वर बटणांची जी रांग आहे, तिच्यातल्या घराच्या चित्राची सावली उजवीकडे पडली होती आणि शेजारच्या प्रिंटरची डावीकडे. घर समोरून काढलेलं, प्रिंटर तिरका, आणि फोन वरून, कावळ्याला दिसेल तसा. एक चित्र नुसत्या रेघांचं, दुसरं रंग भरून गुबगुबीत केलेलं. 'मुलीकडचे' या बटणावर तर चित्रच नव्हतं. तिथं कोण्या जुन्या सचिवानं स्वतःच्या भाचीचा फोटो चिकटवला होता. त्या भाचीचं लग्न होऊन तिची पोरं शाळेत जायला लागली, तरी कार्यालयात येणारा प्रत्येक मुलाचा बाप आधी तिच्यावरच बोट ठेवून "ही पोट्टी कोणाची?" म्हणून विचारायचा.

मी भूकरमापक होतो. सगळी नोकरी लोकांच्या बांधाची रेघ सरळ ठेवण्यात गेली, त्यामुळे वाकडी रेघ दिसली की मला जेवण गोड लागत नाही. निवृत्त झालो तसं पार्बताबाईंनी मला मंडळाचं मानद सचिव केलं. पार्बताबाई आमच्या अध्यक्ष. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आणि अजूनही अमरावतीतले साठीचे गृहस्थ त्यांच्यासमोर उभे राहून बोलतात. मानद पदात मान असतो आणि दुसरं काही नसतं. मला दुसरं काही नकोच होतं. फक्त ती बटणं एका वळणाची व्हावीत, एवढंच होतं.

घरी हे बोललो तेव्हा जमुना, म्हणजे माझी बायको, मेथी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "लोकायच्या पोरी थे बटन दाबून दाबून सासरी जाऊन राहिल्या, अन् सचिवाची पोरगी घरात बसली हाये. तिचं पाहा आधी."

हा टोमणा आमच्या आचलवरून होता. आमची एकुलती एक, इथंच बँकेत आहे, आणि तिला स्थळांची कमी कधीच नव्हती. पण ती नकार असा द्यायची की बापाला वाद घालायला जागा राहू नये. एक मुलगा बोलताना मोबाइलकडे पाहतो म्हणून गेला. दुसरा मोबाइलकडे पाहत नव्हता, पण प्रत्येक उत्तराआधी आईकडे पाहत होता. यावर काय बोलणार? मी आपला सॉफ्टवेअरकडे वळलो.

हे सॉफ्टवेअर पार्बताबाईंच्या पुतण्यानं, अश्विननं, बनवलं होतं. तो पुण्यात असतो आणि आता फोनवर मला 'अहो काका' म्हणतो, एवढा तो बदलला आहे. मी त्याला सांगितलं की सगळी चित्रं एकाच पद्धतीची कर. तो म्हणाला, काका, दोन पद्धती मिसळल्या तरी चालतं, रेघेची आणि भरीव दोन्ही ठेवता येतात, पण मिसळण्यामागं एक नियम पाहिजे आणि तो सगळीकडे पाळला पाहिजे. नियम हा शब्द ऐकून मला फार बरं वाटलं. मंडळात नियमावर बोलणारा मीच एकटा होतो. मी त्याच दिवशी नियम केला: जिथं बोलणी चालू आहेत तिथं चित्र पोकळ, नुसत्या रेघेचं. जिथं गोष्ट पक्की झाली तिथं तेच चित्र भरीव. सावली कोणालाच नाही. सूर्याचा प्रश्न मी मुळातूनच काढून टाकला.

आता यासाठी कार्यकारिणीचा ठराव लागतो. पार्बताबाईंनी ठरावात 'आयकॉन' शब्द लिहू दिला नाही, मराठीत लिहा म्हणाल्या. म्हणून 'मंडळाची चिन्हे बदलण्यात यावीत' असा ठराव झाला, आणि तो वर्षाच्या इतर कागदांबरोबर एका सरकारी टेबलावर गेला. तिथल्या बाबूनं तो तिथंच अडवला. संस्था फुटली का, म्हणाला. दोन गट पडले असतील तर मूळ गट कोणता? हल्ली चिन्ह म्हटलं की लोक आधी गट विचारतात. मी त्याला प्रिंटरच्या सावलीची हकीकत सांगितली. त्यानं ती शांतपणे ऐकून घेतली आणि दोन्ही गटांना सह्या करून आणायला सांगितलं. शेवटी पार्बताबाई स्वतः गेल्या. तो बाबू उभा राहिला, आणि काम झालं. त्यांच्या शाळेत त्याची बहीण होती म्हणे.

तोवर इकडे गल्लीत वेगळंच होऊन बसलं. मी चित्रांचे कागद घेऊन शेजारीपाजारी विचारत होतो, की हे पाहून तुमच्या मनात काय येतं, घड्याळ बरं की दिनदर्शिका, फूल बरं की दिवा. दिवस महानगरपालिकेच्या निवडणुकीचे. शेजारच्या इंगोल्यांनी मला घरात बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "साहेब, अपक्ष उभे राहून राहिले तं आधी सांगाचं होतं. आमच्या घरची मतं तुमालेच." माझ्याबद्दल असं वाटण्यात तसं काही अपमानकारक नव्हतं, म्हणून मी लगेच खुलासा केला नाही. दुसऱ्या दिवशी एक बाई नालीची तक्रार घेऊन दारात आल्या. तिसऱ्या दिवशी नालीच आली, म्हणजे तुंबून अंगणात आली, आणि सगळी गल्ली माझ्याकडे पाहायला लागली. तेव्हा खुलासा केला. तेव्हापासून इंगोले मला नुसता हात दाखवून जातात, बोलत नाहीत.

मग चित्रं ठरवायची सभा. 'जुळलं' या खुणेसाठी अश्विननं पत्त्यांतला लाल बदाम पाठवला होता. पार्बताबाई त्याच्याकडे पाहून म्हणाल्या की हे समाजाचं कार्यालय आहे. अंगठी पाहिली, तर आपल्यात खरी गोष्ट अंगठी नसून सुपारी फुटणं ही आहे, असं निघालं. सुपारी काढून पाहिली, ती बटाट्यासारखी दिसली. शिवाय मुलाच्या नावापुढे 'सुपारी दिली' असं कोणी वाचलं तर प्रकरण पोलिसांत जाईल, असं एका सदस्यांनी निदर्शनास आणलं. वर केलेला अंगठा तर एकमतानं फेटाळला. आपल्याकडे अंगठा दाखवला म्हणजे फसवलं. एवढ्यात गिलावडे आले. गिलावडे आले की आमच्या सभेतले मतभेद संपतात. कोणीतरी तोंडात वडा असताना 'नारळ' म्हणालं, आणि नारळ मंजूर झाला. शुभ आहे, शेंडी असल्यामुळे ओळखू येतो, पोकळही काढता येतो आणि भरीवही. नकारासाठी फुली होती, पण पोरीच्या फोटोशेजारी फुली कशी मारायची? म्हणून जोडलेले हात घेतले. सभ्यपणे सांगितलेला नकार. बोवा, हात जोडले तुमच्यापुढे, आमच्याच्यानं होत नाही.

अश्विननं एवढंच सुचवलं की चित्राखाली छोट्या अक्षरात नाव राहू द्या. मी स्पष्ट नाही म्हटलं. ज्या चित्राखाली नाव लिहावं लागतं ते चित्र कसलं? शिवाय अक्षरं आली की रेघेची शिस्त बिघडते. तो दोनदा 'अहो काका' म्हणाला आणि गप्प बसला.

अकोल्याला आमची शाखा आहे. ती देवमनजी सांभाळतात. त्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि लग्नसराईत त्यांना मान वर करायला फुरसत नसते, म्हणून ते सभेला आले नव्हते. अश्विननं पुण्यात बसून त्यांच्या संगणकात नवी चित्रं टाकली. देवमनजींचा मला फोन आला, "लय साजरे झाले जी चित्रं. पण कोन्तं कायचं हाये?" मी म्हटलं, नीट पाहा, आपोआप समजेल. त्यांनी नीट पाहिलं आणि त्यांना आपोआप समजलं.

याच सुमाराला आचलला मनोजचं स्थळ आलं. बाळापूरचे किसनराव, त्यांचा हा मुलगा. घरची लिंबाची बाग, भाजीपाला, आणि मुलानं स्वतः रोपवाटिका काढलेली. किसनराव, त्यांच्या पत्नी माणिकबाई आणि मनोज असे पाहायला आले. जमुनेनं घाईत चिवडा करपवला होता. सगळ्यांनी छान झाला, छान झाला म्हटलं. मनोज म्हणाला, "करपला हाये जरासा, पन मी खाऊन राहिलो." आचल उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. आत जाऊन पाहतो तर ती ओट्याला टेकून हसत होती. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "पोरगा बरा हाये, बाबा." आमच्या घरात हे वाक्य आजवर कोणी ऐकलं नव्हतं. जमुनेनं ते तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

आता उत्तर बाळापूरकडून यायचं होतं. आणि मंडळाचा नियम असा, की पाहणं झाल्यावर दोन्हीकडच्यांनी एकमेकांना फोन करायचा नाही, जे सांगायचं ते मंडळामार्फत, म्हणजे बाळापूरचं अकोल्याच्या शाखेतून. फोनवर फार भांडणं व्हायची, म्हणून हा नियम केला होता. कोणी केला होता, ते वेगळं सांगायला नको.

आठवडाभर मी रोज कार्यालय उघडायच्या आधीच दाराशी उभा असायचो. एका सकाळी संगणक लावला आणि आचलच्या नावापुढे उत्तर आलेलं होतं. जोडलेले हात. भरीव.

मी खूप वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. काठ कुठंही फाटला नव्हता. दोन्ही तळवे एका मापाचे, मनगटाचा बाक अगदी मी सांगितला होता तसा. इतका सुबक नकार मी आयुष्यात पाहिला नव्हता. पोकळ असता तरी म्हटलं असतं, विचार चालू आहे. पण त्यांनी रेघेच्या आत जागाच ठेवली नव्हती.

घरी सांगितलं. जमुना म्हणाली, किसनरावांना फोन लावा, काही चुकलं असेल. मी म्हटलं, काही चुकलेलं नाही, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि सचिवच नियम मोडायला लागला तर मंडळ चालायचं कसं? "मंडळ गेलं चुलीत," जमुना म्हणाली. आचल मात्र "बरं" म्हणाली आणि डबा घेऊन बँकेत गेली. संध्याकाळी आली, जेवली, झोपायला गेली. तिनं कोणाला काही विचारलं नाही. मला तिनं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. घरात तिचा आवाज ऐकू येईना, तेव्हा मला खरंच फार वाईट वाटलं. आणि मग, वाईट वाटून वाटून, रागही आला. कोण कुठले लिंबंवाले! चिवडा करपला म्हणून पोरगी नाकारतात!

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एका बाजूनं नकार आला की दुसऱ्या बाजूनं पोच द्यावी लागते. मी मान ताठ ठेवून आमच्या बाजूनंही हात जोडले. भरीव. म्हटलं, तुमचे हात तर आमचेही हात, आम्हाला काय हात नाहीत? दोन्हीकडून नकार झाला की ती फाइल आपोआप गाठोड्यात जाते, म्हणजे गाठोड्याचं चित्र असलेल्या कप्प्यात, आणि तिथं पुढं काही निरोप आला तरी तो समोर दिसत नाही. जखमेवर मीठ नको म्हणून ही सोय मीच करून घेतली होती.

पुढच्या रविवारी दुपारी मी बनियनवर स्टुलावर उभा राहून पंखा पुसत होतो. फाटकाशी एक जीप थांबली, मग मागून दुसरी. पहिलीतून किसनराव उतरले. डोक्यावर कडक टोपी, हातात नारळ. मागून माणिकबाई साडीचं ताट घेऊन, मग मनोज, आणि त्याच्या मागं अकोल्याचे देवमनजी, हातात स्टीलचा नवाकोरा डबा.

"नमस्कार, ईवाई!" किसनराव म्हणाले. ईवाई म्हणजे व्याही. आणि नारळ काखेत धरून त्यांनी दोन्ही हात जोडले.

मी स्टुलावरून उतरलो. संगणकावर जोडले ते कमी पडले, आता घरी येऊन जोडता? मी म्हणालो, "एकदा जोडले थे पुरे झाले." रागावलो की माझी शासकीय मराठी सुटते. किसनरावांना कानानं थोडं कमी ऐकू येतं, हे मला तेव्हाच कळलं. ते म्हणाले, "पुरे कुठं जी? बाकीचे मांगच्या गाडीत हायेत."

पाहुणे घरात येऊन बसले. मी सदरा घालून आलो. जमुना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे असं पाहत होती, की ते पाहणं इथं वर्णन करण्यासारखं नाही. मी देवमनजींना विचारलं, हे काय चाललंय? ते गोंधळले. म्हणाले, सुपारी फोडाले आलो, निरोप तं टाकला होता. तुमच्याकडूनच भरीव हात आले ना?

"भरीव हात म्हणजे पक्का नकार," मी म्हणालो.

"नकार?" देवमनजी म्हणाले. "हात जोडले म्हणजे नमस्कार झाला ना जी. या, बसा, आपली सोयरीक झाली. पोकळ नमस्कार बरा दिसत नाही म्हणून मी भरीव देला."

मग नकारासाठी तुम्ही काय दाबत होतात, असं मी विचारलं.

"नारळ," देवमनजी म्हणाले. "नारळ देला म्हणजे हाकललं. सगळ्यायले समजते."

खरं म्हणजे मलाही समजत होतं. सगळ्या अमरावतीला समजतं. त्या गिलावड्यांच्या सभेत एवढ्या जणांपैकी एकालाही ते आठवलं नव्हतं. आणि आता मला दर्यापूरचे ते मास्तर आठवले, ज्यांच्या नावापुढं भरीव नारळ पाहून पार्बताबाईंनी त्यांना अभिनंदनाचा फोन केला होता आणि ते फोनवर रडले होते. आनंदाने रडले, असं आम्ही इतिवृत्तात लिहिलं होतं.

खोलीत सगळे एकदम बोलायला लागले. माणिकबाई म्हणत होत्या की पोरगी एवढ्या दिवसांत मनोजशी फोनवर एक शब्द बोलली नाही, म्हणून आमी म्हटलं, किती वळणाची पोरगी. जमुना मला उद्देशून पण भिंतीकडे पाहून म्हणत होती, एक फोन, फक्त एक फोन. किसनरावांना यातलं फारसं ऐकू आलं नव्हतं. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, "थे चित्रं राहू द्या बाजूले. तुमाले पसंत हाये का नाही?"

मी घसा साफ केला. मुलीचा बाप म्हणून आणि सचिव म्हणून, दोन्ही नात्यांनी आता मलाच बोलायचं होतं, आणि मी बोलणारच होतो.

"बाबा, थांबा."

आचल दारात उभी होती. सुटीचा दिवस, अंगावर घरातलाच ड्रेस, हाताला कणीक. तिनं पाहुण्यांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्या त्या संगणकात माह्यं बटन कोन्तं हाये?"

मी मनातल्या मनात सगळी रांग डोळ्यांसमोर आणली. मुलाचे वडील होते, मुलीचे वडील होते. सचिव होता, शाखा होती. प्रिंटर होता. गाठोडं होतं. सगळं एका जाडीच्या रेघेत, एका मापात, पोकळ आणि भरीव, नियमाला धरून. पण पोरीनं स्वतः दाबायचं असं त्यात काही नव्हतं. माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. अश्विनच्या नाही, पार्बताबाईंच्याही नाही.

"नाही," मी म्हणालो. "तुझं बटण नाही."

"मंग मी इतले दिवस कायच्यावरून रडून राहिली होती?" ती म्हणाली. तेव्हा मला कळलं की ती रडत होती. मी खाली पाहिलं.

मग तिनं मनोजकडे पाहिलं. "अन् तुमी? तुमी तरी फोन काहून नाही केला?"

"केला," मनोज म्हणाला. "नियम मोडून केला. लय वेळा केला. लागतच नव्हता."

"थो मी ब्लॉक केला होता," आचल म्हणाली.

"मंग आता समोर विचारतो," मनोज म्हणाला. त्यानं ना आईकडे पाहिलं, ना मोबाइलकडे. "मले तुमी पसंत हा. पह्यल्याच दिवशी होत्या. तुमाले मी पसंत हाये काय?"

"हो," आचल म्हणाली.

किसनराव पुढं वाकले. "काय म्हणते थे?" त्यांनी माणिकबाईंना विचारलं. माणिकबाई डोळे पुसत होत्या, त्यांना बोलता येईना. मी सांगायला तोंड उघडलं होतं, पण आचलनं मला हातानं थांबवलं. कणकेच्या हातांनी ती किसनरावांच्या जवळ आली, त्यांच्या कानाशी वाकली आणि पलीकडे इंगोल्यांच्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "हो!" या वेळी म्हणताना ती हसत होती.